पुठ्ठ्याचा चष्मा आणि बाहेरच्या कडेचा लाल

गणपतीच्या दिवसांत आरास बघायला निघालो असताना भाचीने रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून पुठ्ठ्याचा चष्मा घेतला. काचांच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन चकत्या होत्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला की प्रत्येक दिव्याभोवती चहूबाजूंना इंद्रधनुष्याचे तुकडे दिसत. "मामा, हे कसं होतं?" असे तिने विचारल्यावर मी शाळेतले लोलकाचे उत्तर ठोकून दिले: पांढऱ्या प्रकाशात सात रंग असतात, प्लॅस्टिकमधून जाताना ते कमी-अधिक वळतात आणि म्हणून वेगळे होतात. मग चष्मा मी स्वतः लावून पाहिला आणि उत्तर चुकल्याचे लगेच ध्यानात आले. लोलक जांभळ्या रंगाला सर्वांत जास्त वळवतो आणि लाल रंगाला सर्वांत कमी. इथे मात्र जांभळा दिव्याच्या जवळ होता आणि लाल पार बाहेरच्या कडेला गेलेला होता.

हे काम प्रकाश वळण्याचे, म्हणजे अपवर्तनाचे नसून बारीक खाचांतून पसरण्याचे, म्हणजे विवर्तनाचे आहे. त्या चकतीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या, समांतर आणि अगदी समान अंतरावरच्या खाचा साच्याने दाबून उमटवलेल्या असतात. अशा चकतीला विवर्तन जालक म्हणतात. दिव्याचा प्रकाश या खाचांमधून जाताना प्रत्येक खाचेपासून सर्व दिशांना पसरतो. सरळ समोरच्या दिशेने निघालेल्या साऱ्या लहरी सारखेच अंतर कापून येतात, त्यामुळे तिथे रंग वेगळे होत नाहीत आणि दिवा मधोमध जसाच्या तसा दिसतो. तिरक्या दिशेने मात्र शेजारच्या खाचेपासून आलेल्या लहरीला थोडे जास्त अंतर कापावे लागते. हे जास्तीचे अंतर बरोबर एका तरंगलांबीइतके, म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतराइतके झाले, तर ढोलपथकातल्या सगळ्या वादकांचा ठोका एकाच क्षणी पडावा तशा त्या रंगाच्या लहरी एकमेकींना साथ देतात. इतर रंगांचा ठोका चुकतो आणि त्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. लाल प्रकाशाची तरंगलांबी जांभळ्यापेक्षा मोठी असल्यामुळे त्याचा ठोका जुळायला कोनही मोठा लागतो, म्हणून तो बाहेर पडतो. चकतीवर खाचांचे दोन संच एकमेकांना काटकोनात असल्यामुळे रंगांचे पट्टे उभे, आडवे आणि तिरके असे सगळीकडे दिसतात. एवढ्याने माझे समाधान झाले, भाचीचे झाले नाही. खाचा दिसत नाहीत, तर त्या आहेत हे कशावरून, असा तिचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून एक जुना सीएफएल काढून दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या होल्डरला लावला. या दिव्यात पाऱ्याची वाफ असते आणि त्याचा प्रकाश सलग नसून मोजक्या रंगांत एकवटलेला असतो. त्यामुळे चष्म्यातून पट्टा दिसलाच नाही; दिव्याच्या बाजूला त्याच नळीच्या वेटोळ्याची जांभळट निळी, हिरवी आणि तांबडी अशी सुटी चित्रे ओळीने उभी राहिली, इतकी स्वच्छ की वेटोळ्याचे वळसे मोजता आले असते. भिंतीपासून ३ मीटरवर मी बसलो आणि भाची टेप धरून भिंतीजवळ उभी राहिली. "अजून थोडं पुढे, हां, थांब," असे करत हिरव्या चित्राची जागा ठरवली, तर ती दिव्यापासून ८६ सेंटिमीटरवर आली. म्हणजे कोन सुमारे १६ अंशांचा झाला. पाऱ्याच्या हिरव्या रेषेची तरंगलांबी ५४६ नॅनोमीटर आहे. तिला त्या कोनाच्या साइनने भागले की दोन खाचांमधले अंतर मिळते. ते जवळजवळ १,९८० नॅनोमीटर निघाले, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे ५०० खाचा. रात्री डोळ्याची बाहुली ४ मिलिमीटर उघडली असेल, तर तिच्यासमोर एका वेळी २,००० खाचा असतात. पुठ्ठ्याच्या चष्म्याकडून आणि शिंप्याच्या टेपकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

त्यानंतर घरातला एकही दिवा सुटला नाही. मखराला लावलेल्या माळेतल्या लाल एलईडीभोवती इंद्रधनुष्य उमटतच नाही, फक्त लाल ठिपके उमटतात. चष्मा रंग तयार करत नाही, दिव्याकडे असतील तेच वेगळे करून मांडतो, याचा याहून सोपा पुरावा मला सापडलेला नाही. पांढऱ्या एलईडीत निळा ठळक दिसतो, मग किंचित अंधारी जागा लागते आणि त्यापुढे हिरव्यापासून लालपर्यंत रुंद पट्टा पसरतो. त्या दिव्यात मुळात निळाच प्रकाश निर्माण होतो आणि बाकीचे रंग चिपवरच्या पिवळ्या लेपातून येतात. समईच्या ज्योतीत मात्र रंग कुठेही तुटत नाहीत.

सीएफएलची ती सुटी चित्रे पाहताना मला ग्रहणाच्या वेळी वापरलेले कॅमेरे आठवले. भिंगापुढे लोलक बसवलेला आणि फट नसलेला कॅमेरा खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवरची बारीक कोर अशीच प्रत्येक रंगात वेगवेगळी टिपतो. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांची मोहीम असे कॅमेरे घेऊन २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी विजयदुर्गला आली होती. आपल्याकडे मात्र त्यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरूनच हेलियमचा शोध लावला अशी कथा मोठ्या हौसेने सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. सूर्याच्या प्रकाशातली, सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारची, पण त्यांच्याशी न जुळणारी हेलियमची रेषा लॉकियर यांनी पुढे त्याच वर्षी इंग्लंडमधूनच पाहिली. विजयदुर्गाचे महत्त्व १८९८ च्या खऱ्या हकिगतीनेही कमी होत नाही, असे मला वाटते. आणि हा चष्मा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये, ग्रहणातही नाही. तो प्रकाश अडवत नाही, फक्त वाटून देतो.

सोडियमची ती पिवळी रेषा घरात पाहायची राहिली होती. ती आपण होऊन आली. बहिणीने भात लावला होता, मिठाचे पाणी उतू जाऊन बर्नरवर पडले आणि निळी ज्योत पिवळी झाली. भाचीने ओट्यापासून दूर उभे राहूनच चष्मा चढवला. "मामा, हिचा पट्टा नाही होत. अख्खी ज्योतच बाजूला दिसतेय, पिवळी, टोकासकट." तोवर बहिणीने गॅस बंद केला.