दुसरा हात

शनिवारी दुपारी मातीकामाच्या वर्गात भट्टी उघडली, तर मी केलेला मग आतली फळी सोडेना. बाईंनी छिन्नी आणून दोन ठोके दिले. तेव्हा सुटला, बुडाचा टवका फळीवरच राहिला.

"दुसरा हात कुठवर दिला होता?"

मी बोट दाखवलं.

"तरीच!"

खालचं बोटभर अंतर कोरं ठेवायचं, हे मला माहीत होतं. पांढरं ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा बसणारा लेप, एकटं असलं की गुणी. तपकिरीही एकटं असताना जागचं हलत नाही. एकावर एक चढवली की मात्र दोघं एकमेकांना वितळवतात आणि १२०० अंशांच्या पुढे खाली वाहत सुटतात. त्यात बादलीतला रंग खरा नसतोच. कोबाल्टचा निळा तिथं फिकट जांभळा दिसतो. आंधळ्यानं रंगपंचमी खेळावी तसं बुडवायचं, आणि भट्टी थंड होईपर्यंत झोप लागू द्यायची नाही.

वर्गातली बाकीची शहाणी माणसं एकाच ग्लेझवर भागवतात. मला ते जमत नाही. दोन रंगांचा जोड दिसल्याशिवाय भांडं पुरं झालंय असं वाटतच नाही.

खोड जुनी आहे. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी कोनाड्यात आजीची लोणच्याची बरणी असायची. खांद्यापर्यंत मधाच्या रंगाची, खाली पांढरी. उलटी धरून तोंडाकडून बुडवलेली असणार. जोडावरून एक ओघळ निघून पोटावर येऊन थांबला होता. मला वाटायचं, खार सांडलाय. मी नखानं खरवडायचो.

"आरं, हात लावू नगंस, बुरशी धरंल!"

वर दादरा घट्ट बांधलेला, झाकण बसवलेलं. बाहेरून बोट लावल्यानं आतल्या लोणच्याला बुरशी कशी धरेल, हे तिला विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

तिथून हाकललं की मी कुंभार गल्लीत गणपती रंगताना बघायला जायचो. आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग पितांबर, डोळे अगदी शेवटी. तिथं जो रंग लावला तोच दिसायचा. काय सुख! पण त्या ओघळासारखं काही तिथं नव्हतं. तो कुणी काढला नव्हता. आपला आपण निघाला आणि मनाला येईल तिथं थांबला.

माझा फळीपर्यंत गेला, एवढंच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात शिरली. आजी तोवर गेली होती. गाद्या, कागदपत्रं, टीव्ही वर नेले, बरणी कोनाड्यातच राहिली. पाणी ओसरल्यावर ती चिखलात आडवी सापडली. झाकण नव्हतं. मी आधी ओघळ पुसून बघितला, होता तसाच होता. आईनं बरणी तीनदा धुतली, उन्हात पालथी घातली. नंतर तिच्यात लोणचं कधी घातलं नाही.