घर घेण्याआधी परिसर पारखताना
घराच्या आतले बरेच काही पुढे बदलून घेता येते, पण परिसर आहे तसाच स्वीकारावा लागतो. म्हणून घराआधी तोच नीट पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. सुटीच्या दुपारी शांत वाटणारी गल्ली कामाच्या दिवशी सकाळी कशी असते, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. कुंपणाच्या भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ पावसाचे पाणी कुठवर चढते ते स्पष्ट दाखवते. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शहराचा विकास आराखडा, कारण खिडकीसमोरचा मोकळा भूखंड उद्यानासाठी राखीव आहे की त्यावरून रुंद रस्ता जाणार आहे, हे त्यातून समजते. दवाखान्याचे आणि बसथांब्याचे अंतर मात्र नकाशावर न मोजता, शक्यतो घरातल्या वयस्कर माणसाला सोबत घेऊन, पायी चालून पाहावे.