2 मिमी पत्र्याचा बॅटरी ट्रे: आखणी आणि वाकवण झाली

माप जुन्या ट्रेवरून घेतलेलं नाही. गंजाने फुगलेली कड दोन-तीन मिमी सहज खोटं बोलते. गाडीच्या बॅटरीचा तळ 242 × 175 मिमी, म्हणून ट्रे आतून 246 × 179, बाहेरून 250 × 183, कडा 30 मिमी उंच.

बाहेरच्या मापात दोन्हीकडच्या कडा मिळवून सपाट पत्रा 310 × 243 कापला की फसलंच. वाकताना पत्रा ताणला जातो, त्यामुळे प्रत्येक काटकोनामागे काही वजा करावं लागतं. 2 मिमी एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद), आतली गोलाई 2 मिमी धरली तर ही वजावट साधारण 3.6 मिमी येते. म्हणजे पत्रा 302.8 × 235.8 आणि वाकवायची रेघ कडेपासून 28.2 वर. हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. त्याच पत्र्याची 100 मिमीची पट्टी, ट्रे ज्या साच्यावर वाकवणार त्याच साच्यावर काटकोनात वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा, बेरजेतून 100 वजा करा. जे उरेल ती तुमची वजावट.

कोपरे कापण्याआधी रेघा जिथे छेदतात तिथे 5 मिमीचं भोक. तिथे टोकदार खाच ठेवली तर चीर नेमकी तिथूनच सुरू होते.

शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये) दोन अँगल, म्हणजे L आकाराच्या लोखंडी पट्ट्या, धरून तीन बाजू वाकतात, चौथीला आधीच्या बाजू आड येतात. म्हणून 40 × 40 × 5 अँगलची चौकट जोडली, बाहेरून 246 × 179, वरची कड कानसेने 2 मिमी गोल केलेली. पत्रा तिच्यावर, त्यावर 238 × 171 ची 10 मिमी प्लेट, खाली आडवी पट्टी, आणि तिन्हींतून दोन एम10 बोल्ट. पत्र्यातली हीच भोकं पुढे पाणी निचरायला कामी येतात. रेघ चौकटीच्या कडेवर आली की बाजू खाली वळवायची. हातोडी थेट पत्र्यावर नको. मध्ये सागाचा ठोकळा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीन-चार फेऱ्यांत. एकच टोक आधी झोपवलं तर तिथला पत्रा ताणतो आणि कडेला लाट येते, ती मग निघता निघत नाही. बोल्ट सोडल्यावर बाजू दोन-तीन अंश परत उघडते. शेगड्यात धरून हलकेच आत घ्या.

मापं बरोबर असतील तर कोपऱ्यात आतून कडेला कड टेकते आणि बाहेर खाच उरते. मिगचा (वायर आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग) 0.8 मिमी वायरचा वेल्ड तिथेच भरायचा, समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून टाके देत. 5 मिमीचं भोक मात्र भरू नका, कोपऱ्यातलं पाणी तिथूनच जातं.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा इथे वापरण्यात अर्थ नाही: वेल्डिंगला जस्ताचा धूर त्रासदायक, आणि बॅटरीच्या ॲसिडपुढे जस्त टिकत नाही. साधा एमएस आणि दोन हात इपॉक्सी प्रायमर बरा. वेल्डआधी पत्रा पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात नको. तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, तो जीवघेणा आहे.

बाकी: गाडीला लावायचे चार कान, गोल भोकांऐवजी 8 × 14 चे स्लॉट ठेवून, आणि बॅटरी दाबून धरणारी पट्टी. तिला रबराची नळी चढवायची, नाहीतर नट ढिला होऊन पट्टी सरकली की थेट टर्मिनलला टेकेल.