फायू अपडेट: घर्षणवाल्या 'ई'ची पिचलाइन अखेर जोडली गेली!

जोडली एकदाची ती पिचलाइन, म्हणजे आवाजाचा चढउतार दाखवणारी रेघ! म्हणून लगेच टाइप करायला बसलोय. मागच्या पोस्टमध्ये म्हटलं होतं ना, की फायू या इंडोनेशियातल्या पापुआच्या भाषेचा तक्ता जरा बाजूला ठेवून तिच्याच टारिकू गटातल्या इआऊ भाषेकडे वळतोय, कारण तो घर्षणवाला 'ई' इआऊत चांगला नोंदलेला आहे आणि तो स्वतःच्या तोंडात बसल्याशिवाय लेक्स प्लेनच्या (टारिकू गट ज्यात मोडतो त्या भाषाकुलाच्या) भाषांचं माझं काही पुढे सरकत नव्हतं.

व्यंजनांत मजाच मजा आहे. इआऊत ती फक्त ६, आणि म, न दोन्ही गायब! जुन्या लेक्स प्लेनमधले म आणि न हे ब आणि द मध्ये मिसळून गेले. मग सगळा भार सुरांवर, म्हणजे अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउतारांवर, तब्बल ८ सूर, आणि क्रियापदाचा सूर बदलला की काम झालंय की चालू आहे तेही बदलतं. थोर भाषा आहे ही!

आता तो 'ई'. जीभ टाळूच्या इतकी जवळ न्यायची की 'ई'सोबत बारीक 'झ्झ' ऐकू आला पाहिजे, पण ध्वनितंतू मात्र थरथरत राहायला हवेत. तोंडाला ते बऱ्यापैकी जमायला लागलं, पण प्राटमध्ये (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) टाकलं की पिचलाइन नेमकी त्याच स्वरावर तुटायची. आणि सूरच दिसणार नसेल तर इआऊचा सराव करून उपयोग काय! व्हॉइसिंग थ्रेशोल्ड (आवाजात कंप आहे असं कधी मानायचं ती मर्यादा) खाली आणला तर लाइन यायची पण मध्येच एक सप्तक उडी मारायची, पिच सीलिंग (सूर शोधायची वरची मर्यादा) कमी केली तर चढा सूर वरून कापला जायचा, डोकं फिरायची वेळ आली. शेवटी सूर मोजायची रॉ पद्धत सोडून फिल्टर्ड ऑटोकोरिलेशन (आधी आवाज गाळून मग सूर मोजणारी पद्धत) लावलं (नव्या व्हर्जनमध्ये आहे, जुनं वापरत असाल तर आजच बदला) आणि वरचं घर्षण गाळलं जाऊन सलग लाइन आली. सपाट सूर तर असा सुरेख दिसतोय की स्क्रीनशॉट काढून ठेवलाय!

रेकॉर्डिंगबद्दल माझं ठाम मत: मोबाइलचं नॉइज रिडक्शन बंदच ठेवा, ते या घर्षणालाच कचरा समजून पुसून टाकतं. साधा वायरवाला हेडसेट माइक आणि वेव्ह फाइल, बस.

उतरता सूर मात्र शेवटी अजून तुटतोय. ही सेटिंगची भानगड असेल म्हणून उद्या फिल्टरशीच खेळणार होतो, पण हे लिहितानाच डोक्यात आलं की वाट इतकी अरुंद झाल्यावर तोंडात हवेचा दाब वाढणार, आणि सूर खाली जाताना ध्वनितंतू खरोखरच थांबत असतील! म्हणजे प्राट बरोबरच सांगतंय. तर फिल्टर राहू दे, आधी तोच उतरता सूर 'आ'वर आणि या 'ई'वर शेजारी शेजारी रेकॉर्ड करतो. 'आ'वर लाइन टिकली तर मग किरीकिरी (याच कुळातली आणखी एक भाषा) आणि फायूकडे वळताना 'ई'सारख्या जीभ वर नेऊन म्हणायच्या स्वरांसाठी तक्त्यात वेगळा कॉलम करावा लागेल. कुणी मँडरिनवाले असाल तर 'स'नंतरचा तो जिभेच्या टोकाचा स्वर चौथ्या सुरात रेकॉर्ड करून पाठवा, वेव्हमध्येच, ताडून बघायचंय.