डायलिसिसमध्ये बीपी का पडतो : माझा अनुभव

कोल्हापुरात डायलिसिस टेक्निशियनचं काम करताना नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न ऐकतो, "आज पाणी किती काढलं?" माझं लक्ष मात्र ते किती वेगानं काढलं याकडं असतं. बेडवर बीपी पडतो, त्यामागं बहुतेक वेळा हा वेगच असतो.

सुरुवात वजनकाट्यावर होते. काटा दर वेळी तोच. मोबाईल, किल्ल्या, जर्किन बाजूला आणि चप्पल बाहेर. जाड कापशी पायताण घालून कुणी काट्यावर चढलं, तर मशीन अंगात नसलेलं पाणीही ओढणार.

मग हिशेब. समजा ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 60 किलो आणि पेशंट 63.5 किलोवर आला. 3.5 लिटर हे, शिवाय शेवटी लाईनमधलं रक्त परत देताना जाणारं 300 मिली सलाईन, म्हणजे 3.8 लिटर काढायचं. चार तासांत काढायचं तर तासाला 950 मिली, किलोमागं जवळजवळ 16 मिली. ताशी किलोमागं 13 मिली ही आम्ही वरची हद्द धरतो, म्हणजे या पेशंटला तासाला 780. पाच तास दिले तर वेग 760 वर येतो आणि काम बसतं. चारच तास मिळणार असतील तर 3.1 लिटरवर थांबावं आणि उरलेल्यासाठी जादा डायलिसिसचं डॉक्टरांशी बोलावं. असं का, तर 60 किलोच्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग जेमतेम तीन लिटर. मशीन पाणी काढतं रक्तातून; सूज असते बाहेर, पेशींच्या आजूबाजूला. तिथलं पाणी रक्तात सावकाश येतं. मशीन त्याच्या पुढं पळालं की बीपी उतरलाच. म्हणून "मामा, अजून तासभर पडा" असं मी हट्टानं सांगतो.

बीपी मी अर्ध्या तासानं बघतो, फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) नसलेल्या हातावर. पण आकड्याआधी चेहरा सांगतो. गप्पा मारणारा माणूस गप्प होतो, जांभया सुरू होतात, कपाळावर घाम येतो, पोटरीत गोळा येतो. तिथंच यूएफ, म्हणजे मशीनचं पाणी काढणं, बंद, डोकं खाली, पाय वर, गरज पडली तर 100 ते 200 मिली सलाईन, आणि डॉक्टरांना हाक. मधुमेही असेल तर साखर लगेच तपासायची, कारण ती उतरली तरी घाम असाच सुटतो. छातीत दुखत असेल तर ते नुसतं बीपीवर ढकलायचं नाही.

ज्यांना हा त्रास वारंवार होतो, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून डायलिसेटचं (मशीनमधून फिरणाऱ्या, रक्त साफ करणाऱ्या द्रावणाचं) तापमान 37 अंशांवरून 36 किंवा 35.5 करतो. थंडी वाजते, पांघरूण द्यावं लागतं, पण रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि बीपी टिकतो. डबाही बेडवर उघडायचा नाही. जेवलं की रक्त आतड्यांकडं वळतं.

घरी खरा शत्रू मीठ. अंगात गेलेलं आठ-नऊ ग्रॅम मीठ लिटरभर पाणी धरून ठेवतं. मिसळीचा कट, भडंग, लोणचं पोटात गेल्यावर तहान कशी आवरणार? पांढरा रस्साही पाण्यातच मोजावा. दिवसाची लघवी अधिक 500 मिली, एवढंच माप. लो-सोडियम मीठ तर नकोच. त्यात पोटॅशियम असतं. आठवड्यातून दोनदाच येणाऱ्यांनी दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खंडात हे जास्त सांभाळायचं.

ड्राय वेटही कायमचं नसतं. तापातून उठलेल्याचं मांस झडतं, त्या जागी पाणी भरतं आणि काट्यावर वजन तेच दिसतं. बीपी मात्र चढत जातो, रात्री आडवं झालं की धाप लागते. उलट, भूक सुधारून अंग भरलं की जुन्याच वजनाला शेवटच्या तासात गोळे यायला लागतात. दोन्ही वेळा डॉक्टरांकडून आकडा बदलून घ्यावा.

बीपीची सकाळची गोळी घ्यायची की डायलिसिसनंतर, हे औषधागणिक बदलतं. मेटोप्रोलॉल डायलिसिसमध्ये धुऊन जातं, अम्लोडिपिन जात नाही. स्वतःहून बंद करू नये. घरी सोडताना मी बसवून आणि उभं करून असा दोनदा बीपी घेतो, आणि फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का बघतो. बीपी फार उतरला असेल तर तिथं गुठळी होऊ शकते.