तोडीचा यमन

संगीताच्या एका मासिकाची पानं मी लावते. कव्हरच्या फोटोवरून दर महिन्याला भांडण ठरलेलं. संपादकांना बुवा सोज्ज्वळ, शाल पांघरलेले हवेत. मला तान घेताना तोंड वेडंवाकडं झालेले. स्टॉलवर अंक एकावर एक चढवलेले असतात, गिऱ्हाइकाला दिसतात ते वरचे दोन इंच, तेव्हा नाव आणि डोळे तिथेच आले पाहिजेत, हे त्यांना अजून पटलेलं नाही. असो.

आमची खरी परीक्षा डिसेंबरात, सवाई गंधर्व महोत्सवातल्या स्टॉलवर. लोक अंक मागून उघडतात. जाहिराती, फोटो, सगळं झरझर जातं, आणि स्वरलिपीच्या, म्हणजे बंदिशीचे स्वर-ताल लिहिलेल्या पानाशी हात थांबतो. दोन वर्षं हे बघितलं, म्हणून त्या वर्षी ते पान जीव ओतून केलं.

आधी ते पान म्हणजे एसटीचं वेळापत्रक. चौकटीत चौकट. तीनतालाच्या १६ मात्रा ओळीत मावल्या नाहीत की ऑपरेटर वाटेल तिथे ओळ तोडायचा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी कडेला, कधी मधेच. मी चौकटी उडवल्या. ४-४ मात्रांचे विभाग, मधे केसाएवढी उभी रेघ. बंदिश नवव्या मात्रेवरून उठत होती, म्हणून प्रत्येक ओळ त्याच मात्रेवरच्या 'खाली'च्या शून्यापासून सुरू केली आणि समेची फुली वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात आणली. नुसती नजर टाकली तरी ताल दिसावा!

बंदिश तोडी रागातली. स्वरलिपीच्या भातखंडे पद्धतीत कोमल, म्हणजे उतरलेल्या स्वराखाली आडवी रेघ, तीव्र, म्हणजे चढलेल्या मध्यमावर उभी. उभी रेघ आणि सप्तकांची टिंबं आमच्या फाँटमध्येच आहेत. कोमलाची रेघ मात्र टाइप करतानाच साधी अंडरलाइन म्हणून दिलेली असते. शेवटच्या रात्री सगळे स्वर एका मापाचे व्हावेत म्हणून मी पान सिलेक्ट केलं आणि आल्ट दाबून स्टाइलवर क्लिक केलं. पान कसं लख्ख झालं! मुद्रितशोधकांनी बंदिशीच्या शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासले, संपादकांनी अग्रलेखाखालचं स्वतःचं नाव. अंक छापून आला.

महोत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळी एक गृहस्थ स्टॉलशी आले. सत्तरीचे असावेत. उजव्या हाताचं बोट पानावर, डावा हात मांडीवर ताल देतोय. दोन ओळी गेल्या, बोट मागे आलं. पुन्हा पहिल्यापासून.

"ताई, हे पान कुणी लावलं?"

"मी."

"सुरेख. बोट कुठे अडखळत नाही." मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "पण वर तोडी लिहिलंय आणि खाली यमन छापलाय."

मला आधी कळेचना. मग पोटात खड्डा पडला. तोडीत रे, ग, ध कोमल आणि म तीव्र. आल्टच्या त्या क्लिकने वरून दिलेली अंडरलाइन पुसली जाते. कोमलाच्या सगळ्या रेघा गेल्या, फाँटमधली तीव्राची तेवढी राहिली. म तीव्र, बाकी सगळे शुद्ध: उरला तो अगदी यमन राग. सगळ्याच खुणा गेल्या असत्या तर निदान काहीतरी बिघडलंय हे दिसलं असतं. इथे चूकसुद्धा रागात बसली होती.

त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या, गुणगुणत, एकेका स्वराखाली रेघ मारत गेले. मूळ हस्तलिखित मी नंतर ताडून पाहिलं, एकही रेघ चुकली नव्हती. मी पैसे नको म्हटलं तर रागावले, पूर्ण किंमत मोजून अंक घेऊन गेले.

त्या रात्री आम्ही तिघांनी बसून उरलेल्या प्रतींवर बारीक पेनाने रेघा मारल्या, प्रत्येकीत ४३. संपादक म्हणाले, हाताने केलेल्या दिसताहेत. मी काही बोलले नाही.

तोवर १०० च्या वर प्रती विकल्या गेल्या होत्या. पान छान झालंय म्हणून मोबाइलवर फोटो काढून नेणारे वेगळेच. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापलं, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही, त्यांच्यापैकी एकाचाही फोन आला नाही.