गुरांच्या खिंडीतून

१४ जून, शील्डेग

आज सायकलवरून ब्यालॅख ना बा चढले. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत या नावाचा अर्थ गुरांची खिंड. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे लोक आपली गुरं विकायला याच वाटेने दूरच्या बाजारांकडे हाकत न्यायचे. पुढे १८२२ मध्ये इथे रस्ता झाला.

टॉर्नाप्रेसच्या फाट्यावर मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठ्या गाड्या आणि कॅरव्हॅन यांनी पुढे जाऊ नये. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर. माथा ६२६ मीटरवर आणि मधे जेमतेम ९ किलोमीटर. सगळी उंची पायांनीच कमवायची.

सुरुवातीचा चढ सोसवतो. किशॉर्नची खाडी हळूहळू खाली जाते, रस्त्याकडेला ओल्या गवताचा वास असतो. मग रस्ता वळून दरीत शिरतो आणि दोन्ही बाजूंचे कडे अंगावर आल्यासारखे जवळ येतात. आडवे थर, एकावर एक रचलेले, मधूनमधून पाण्याच्या पांढऱ्या रेघा. थांबून फोटो काढला आणि आईला पाठवला. जुन्नरहून लगेच फोन. "अगं, हा तर आपला माळशेजच की!"

मलाही अगदी तेच वाटलं होतं. पण दगड वेगळा आहे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा तांबूस वालुकाश्म, नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा, सुमारे शंभर कोटी वर्षं जुना. नंतर हिमनद्यांनी तो कोरून ही दरी केली. हे आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "असू दे गं, दिसायला तर भावंडंच आहेत."

खरी परीक्षा शेवटी. चढ काही ठिकाणी शंभर मीटरला वीस मीटरपर्यंत जातो. सर्वांत हलका गिअर टाकला, तरी पुढचं चाक उचलायला लागलं. सिंहगडाच्या घाटावर केलेला सगळा सराव आज कामी आला. हेअरपिन वळणांच्या अलीकडे मात्र उतरले आणि थोडं अंतर सायकल हातात धरून चालले. ते चालणं मला फार आवडलं. श्वास खाली बसला तसं पाण्याचं वाहणं ऐकू यायला लागलं. गुरांमागून जाणाऱ्या माणसांनाही ही दरी याच वेगाने दिसली असणार. वळणं संपेपर्यंत पुन्हा सायकलवर होते.

माथ्यावर बोचरा वारा, पण ढग विरले. समोर रासे बेट, त्यामागे स्काय बेटाचे डोंगर. डोळे भरून आले. वाऱ्यानेही असेल.

उतारावर बोटं ब्रेकवर आखडली. रस्ता एकपदरी, समोरून गाडी आली की रुंद केलेली जागा गाठायची. एक बाई आपली गाडी तिथे लावून मी जाईपर्यंत थांबल्या, काच खाली करून हात हलवला.

खिंडीपलीकडच्या ॲपलक्रॉस गावात सूप आणि ब्रेड. या नावात सफरचंद नाही, हे मला इथेच कळलं. मूळ नाव अबेर क्रोसन, म्हणजे क्रोसन नदीचं मुख. ६७३ मध्ये संत माएलरुबा यांनी इथे मठ स्थापला. किनाऱ्याचा रस्ता पूर्ण झाला १९७० च्या दशकात. तोवर हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद झाली, की रस्त्याने बाहेर पडायची सोयच नव्हती. आजाऱ्याला कसं नेत असतील, हा विचार परतीच्या वाटेवर सारखा येत होता.

त्याच किनाऱ्याने परत आले. एकूण ७० किलोमीटरच्या आसपास. हा रस्ता सपाट असेल असं समजू नये, तो सतत वरखाली करत राहतो.

आता रात्रीचे दहा वाजलेत, बाहेर अजून उजेड आहे. खिडकी उघडली तर मिज नावाची बारीक चिलटं आत येतात, म्हणून काचेतूनच पाण्याकडे बघत लिहितेय.